पापणीवरची चामखीळ, पिवळे चट्टे, पांढरे दाणे ऑपरेशनशिवाय काढायचे असतील तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आईच्या वरच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात एक पिवळसर चट्टा होता, बेसनाचा थेंब पडून वाळावा तसा दिसायचा. मी तेव्हा स्किनच्या क्लिनिकमध्ये नवीनच लागले होते, दिवसभर लोकांचे चेहरे बघायचे आणि घरच्या माणसाकडे लक्ष गेलं नाही, गणपतीतले फोटो मोबाईलवर मोठे करून बघताना दिसला. विचारलं तर म्हणाली, "अगं दुखत नाही खुपत नाही, वयाचं असेल, तुझ्या डॉक्टरांना सांग जाळून टाका." डॉक्टरांनी जाळलं नाही, आधी उपाशीपोटी रक्त तपासायला पाठवलं, आणि कोलेस्ट्रॉल इतकं वाढलेलं निघालं की त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली. चट्टा चार महिन्यांनी काढला.

तेव्हापासून नऊ वर्षं मी हेच काम करतेय. पेशंटला आधी समजावून सांगायचं, भुलीचं क्रीम लावायचं, डॉक्टरांच्या शेजारी ट्रे घेऊन उभं राहायचं, आणि नंतर घरी काय करायचं काय नाही ते दोनदा सांगायचं. मी डॉक्टर नाही, तुमचं निदान मी करू शकत नाही, पण पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला जे प्रश्न पडतात ते मला पाठ झालेत म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: पापणीवरचं काहीही काढण्याआधी ते नक्की काय आहे हे माहीत असलं पाहिजे. एकदा जाळलं की ते काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही, तपासायला काही उरतच नाही.

पहिलं काम: हे आहे काय?

खिडकीजवळ उजेडात बसा, दुसऱ्या कुणाला तरी फोटो काढायला सांगा, एक डोळा उघडा असताना आणि एक मिटलेला असताना. फोटोवर तारीख राहू द्या. हा फोटो पुढे फार कामाला येतो कारण "आधी एवढं होतं का?" या प्रश्नाला आपण सगळेच अंदाजाने उत्तर देतो.

सगळ्यात जास्त येते ती लोंबणारी चामखीळ, स्किन टॅग. मऊ असते, बारीक देठावर लटकते, त्वचेच्याच रंगाची किंवा थोडी काळपट. वजन वाढलेलं असेल, शुगर असेल किंवा शुगरच्या उंबरठ्यावर असाल तर या जास्त येतात, गरोदरपणातही येतात. मानेवर, काखेत आणि पापणीवर अशा एकदम बऱ्याच दिसल्या तर मी पेशंटला म्हणते की एकदा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, करून घ्या, त्याने चामखीळ जाणार नाही पण शुगर वेळेत सापडेल.

दुसरे ते काळे बारीक ठिपके, गालावरून सुरू होऊन पापणीपर्यंत जाणारे, मोहरीएवढे, थोडे उंच. हे घराण्यात असतात, आईला असले तर मुलीलाही यायला लागतात आणि वयाबरोबर वाढतात. त्याला डीपीएन म्हणतात, सावळ्या त्वचेत खूप कॉमन आहे, आणि धोक्याचं काही नाही.

पांढरे टणक दाणे म्हणजे मिलिया. रव्याचा कण त्वचेखाली अडकल्यासारखा वाटतो. लोक त्याला पिंपल समजून दाबतात पण त्याला तोंडच नसतं, आत केराटिन म्हणजे मेलेल्या त्वचेचा घट्ट गोळा असतो, दाबून बाहेर येत नाही, पापणी मात्र सुजते. तान्ह्या बाळांना हे असतात आणि काही आठवड्यांत आपले आपण जातात, बाळाला काहीही लावू नका.

खालच्या पापणीवर दोन्ही डोळ्यांखाली सारखे, त्वचेच्या रंगाचे, चपटे-चपटे उंचवटे असतील तर ते बहुतेक सिरिंगोमा. बायकांमध्ये जास्त. घामाच्या नळीपासून होतात आणि खोल असतात, म्हणून हे काढताना सगळ्यात जास्त धीर धरावा लागतो, त्यावर पुढे लिहिते.

मग ते पिवळे चट्टे, झॅन्थेलास्मा. नाव ग्रीक आहे, झॅन्थोस म्हणजे पिवळा आणि एलास्मा म्हणजे ठोकून पातळ केलेला पत्रा, आणि खरंच तसंच दिसतं ते, कोपऱ्यात बसवलेल्या पितळेच्या पत्र्यासारखं. आत चरबीने भरलेल्या पेशी असतात. साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्ट्रॉल नॉर्मल निघतं, त्यामुळे घाबरून जायचं नाही, पण तपासल्याशिवाय सोडायचंही नाही. कोपनहेगनमध्ये बारा हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं बघून २०११ साली एक अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की असे चट्टे असणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका जास्त होता, आणि रिपोर्टमधलं कोलेस्ट्रॉल हिशोबात धरूनही तो फरक राहिला. म्हणून लिपिड प्रोफाइल, शुगर, थायरॉइड, बीपी एवढं करूनच या. पेशंट चिडतात कधीकधी, "डाग काढायला आलो तर ब्लड टेस्ट कशाला?" मी आईचं उदाहरण देते.

लहान मुलांच्या पापणीवर मोत्यासारखे चकचकीत दाणे, मधे खळगा असलेले, ते मोलस्कम, व्हायरसने होतात आणि एकमेकांचा टॉवेल वापरून पसरतात. बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षात आपोआप जातात. पण पापणीच्या कडेला असेल आणि डोळा सारखा लाल होत असेल तर काढावा लागतो. मोठ्या माणसाला चेहऱ्यावर अचानक खूप आले तर डॉक्टर एचआयव्हीची टेस्ट सांगतात, लाज वाटून घेऊ नका, करून टाका.

रांजणवाडी हा वेगळा विषय, ती ग्रंथी तुंबून किंवा इन्फेक्शनने येते, ती जाळायची गोष्ट नाही. आपल्याकडे तळहातावर बोट घासून गरम करून लावतात, ती कल्पना तशी योग्यच आहे, फक्त शेक खरा हवा: स्वच्छ कपडा कोमट पाण्यात पिळून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. काही आठवड्यांत बसली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

इथे थांबायचं, पुढे जायचं नाही

पुढचं काहीही दिसलं तर लेझर, कॉटरी (म्हणजे करंटच्या उष्णतेने जाळणं), क्रीम सगळं बाजूला ठेवा आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना, शक्यतो ऑक्युलोप्लास्टी म्हणजे पापणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांना दाखवा: त्या जागचे पापणीचे केस गळालेत. मधे जखम होते, खपली धरते, पडते, परत जखम होते. हात न लावता रक्त येतं. कडा मोत्यासारखी उंच आणि त्यावर बारीक लाल रेषा. दोन-तीन महिन्यांत मोठं झालं. रंग एकसारखा नाही. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे रांजणवाडीसारखी गाठ, काढली तरी त्याच जागी परत परत येणारी, विशेषतः पन्नाशीच्या पुढे.

हे शेवटचं मी जरा जोर देऊन सांगतेय कारण पाश्चात्त्य देशांतली माहिती वाचून लोक समजतात की पापणीचा कॅन्सर म्हणजे बेसल सेल, हळू वाढतो, पसरत नाही, मग घाई काय. आपल्याकडे भारतात पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर, सेबेशियस ग्लँडचा, खूप जास्त प्रमाणात दिसतो, आणि तो अगदी साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो, आणि पसरतोही. अशा ठिकाणी तुकडा काढून बायोप्सीला पाठवणं एवढाच रस्ता आहे. तुकडा फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत जातो, काही दिवसांत रिपोर्ट येतो, आणि मग झोप नीट लागते.

तीळ असेल, म्हणजे सपाट किंवा उंच काळा तीळ, जन्मापासूनचा किंवा लहानपणीचा, तर तोही आधी डर्मोस्कोपने बघून घ्या. डर्मोस्कोप म्हणजे लाइट असलेलं भिंग, दोन मिनिटांचं काम. तीळ नुसता जाळून टाकू नये, काढायचाच तर वरचा भाग तासून तो तपासायला पाठवतात.

घरी काय करून बघू नये

एकदा एक काका आले, साठीच्या आसपासचे, एका डोळ्याला रुमाल धरून. कुणीतरी सांगितलं होतं की चुना आणि खायचा सोडा कालवून काडीने चामखिळीवर लावा, तीन दिवसांत गळून पडते. मानेवर लावलं असतं तर भाजलं असतं एवढंच. पापणीवर लावलं, डोळ्यातून पाणी आलं, पाण्याबरोबर चुना आत. आमच्या डॉक्टरांनी त्यांना बघायच्या आधी बेसिनपाशी नेलं आणि मी सलाईनच्या बाटल्या फोडून डोळ्यात धार धरली, पापणी उलटी करून आतले पांढरे कण काढले, मग रिक्षाने डोळ्यांच्या हॉस्पिटलला. नजर वाचली, बुबुळावर अंधुक डाग राहिला. चुना हा अल्कली आहे, तो ॲसिडपेक्षाही खोल शिरतो, बुबुळ विरघळवत जातो. असं कधी झालं तर डॉक्टर शोधत बसू नका, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने निदान वीस-तीस मिनिटं डोळा धुवा, मग पळा.

बिब्बा लावू नका, त्याने फोड येतात आणि तो उततो. लसूण, सफरचंदाचं व्हिनेगर, कॉस्टिकची काडी, पापणीवर यातलं काहीही नको. घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची जुनी पद्धत आहे, केस किंवा दोरा आवळून बांधला की देठाचं रक्त थांबतं आणि चामखीळ सुकून पडते, तत्त्व म्हणून ते चुकीचं नाही, पण पापणीवर गाठ नीट बसत नाही, बाजूची कातडी आवळली जाते, पू होतो. आणि जी चामखीळ आहे असं तुम्ही धरून चाललात ती चामखीळच होती का, तो प्रश्न राहतोच.

ऑनलाइन मिळणारी मोल रिमूव्हर लिक्विड आणि क्रीम यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२२ साली स्पष्ट सांगितलंय की तीळ किंवा स्किन टॅग काढायला दुकानात असं सहज मिळणारं एकही औषध त्यांनी मंजूर केलेलं नाही. या लिक्विड-क्रीममध्ये बरेचदा जोरदार ॲसिड असतं. प्लाझ्मा पेनबद्दलही एफडीएचा इशारा आहे. हा पेन पार्लरमध्ये फार दिसायला लागलाय, ठिणगी उडते आणि त्वचेवर तपकिरी ठिपके पडतात. माझ्या मामेबहिणीने एका पार्लरमध्ये दोन्ही पापण्यांवर करून घेतलं, लग्नाला तीन आठवडे राहिले असताना, डोळ्यावर कसलंही झाकण नाही, आधी बघितलं नाही, नंतरचं मलम म्हणून कोरफडीचा गर दिला. डाग चार महिने राहिले, लग्नाच्या फोटोत कन्सीलरखालूनही दिसतात. ती अजून तो अल्बम उघडत नाही.

कुणाकडे जायचं

त्वचारोग तज्ज्ञ किंवा डोळ्यांचे डॉक्टर. पापणीच्या केसांच्या ओळीपासून वर किंवा खाली, म्हणजे नुसत्या त्वचेवर असेल तर स्किनचे डॉक्टर चालतील. अगदी कडेवर, केसांच्या मुळाशी, किंवा आतल्या कोपऱ्यात अश्रू वाहून जायच्या बारीक भोकाजवळ असेल तर ऑक्युलोप्लास्टीवाले. कडेवर जरा जास्त उष्णता लागली तर केसांची मुळं जळतात, पापणीला खाच पडते, तिथून केस पुन्हा येत नाहीत किंवा उलटे येऊन डोळ्यात टोचतात.

डिग्री बघायला संकोच करू नका, भिंतीवर लावलेली असते, नसेल तर रजिस्ट्रेशन नंबर विचारा आणि मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा. "क्लिनिक" अशी पाटी आहे म्हणजे आत त्वचारोग तज्ज्ञ आहेच असं नाही. पैशांची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत जा, मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, रांग असते, सकाळ जाते, पण जागेवर शिकलेली माणसं असतात आणि खर्च नावाला लागतो.

तिथे गेल्यावर हे विचारा: हे काय आहे, नक्की माहीत आहे की तपासायला पाठवायचं? कुठल्या पद्धतीने काढणार आणि माझ्या त्वचेवर डाग राहण्याची शक्यता किती? डोळ्यावर शील्ड घालणार का? पैसे एका दाण्याचे की एका सिटिंगचे? परत आलं तर? जो डॉक्टर "शंभर टक्के जाईल, परत येणार नाही, डाग राहणार नाही" म्हणतो त्याच्यापेक्षा जो "बघू, दोन सिटिंग लागतील" म्हणतो त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवते.

पद्धती

ऑपरेशनशिवाय म्हणजे चिरा नाही, टाके नाहीत, भरती व्हायचं नाही. याचा अर्थ जखम होत नाही असा नाही, छोटी का होईना जखम होतेच आणि ती भरावी लागते.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते ती रेडिओफ्रिक्वेन्सी, आरएफ. पेनसारखा हँडपीस, पुढे बारीक तार किंवा सुई, खाली पायाने दाबायचं पेडल. पेडल दाबलं की हाय फ्रिक्वेन्सी करंट तारेच्या टोकापाशी जातो, पेशीतलं पाणी उकळतं आणि ती जागा वाफ होऊन जाते. साध्या कॉटरीपेक्षा आजूबाजूला उष्णता कमी पसरते, म्हणून पापणीला बरी. चामखीळ, काळे ठिपके, छोटे झॅन्थेलास्मा सगळं याने होतं. काळ्या ठिपक्यांना फार हलका हात लागतो, जास्त खोल गेलं की ठिपका जातो आणि खड्डा राहतो, मग त्या खड्ड्यासाठी पेशंट दुसरीकडे फिरतात. पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं.

लोंबणारी बारीक चामखीळ असेल तर कित्येक डॉक्टर नुसती बारीक कात्रीने छाटून देतात, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि तुकडा हातात राहतो म्हणजे तपासताही येतो. मिलियाला तर नुसती निर्जंतुक सुई पुरते, वर बारीक छिद्र करून दाणा उचलून काढतात, तो अखंड बाहेर येतो, साबुदाण्याच्या कणीसारखा. मिलियासाठी कुणी महागडं लेझर पॅकेज सांगत असेल तर दुसरीकडे विचारा.

सीओटू लेझर आणि अर्बियम लेझर पाण्यावर काम करतात, त्वचेचा पातळ पातळ थर उडवत जातात, डॉक्टरांचा हात बसलेला असेल तर फार नेमकं होतं. सिरिंगोमाला हे बरं. पण सिरिंगोमा मुळापासून काढायचा म्हणजे त्वचेत खोल जायचं, आणि खोल गेलं की व्रण. म्हणून समजूतदार डॉक्टर ते सपाट करण्यावर थांबतात, तीन-चार सिटिंग, मधे काही आठवडे. आरशात जवळून बघितलं तर थोडे दिसणारच, हे आधी मनाशी ठरवून मगच सुरू करा.

टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, मुख्यतः सपाट झॅन्थेलास्मासाठी. चट्ट्याभोवती व्हॅसलिन लावून घेतात, मग लाकडी टूथपिकला जेमतेम ओलं होईल एवढं ॲसिड घेऊन चट्ट्यावर टेकवतात, थोड्याच वेळात ती जागा खडूसारखी पांढरी होते. झोंबतं जोरात, मिनिट-दोन मिनिटं, मग ओसरतं. इथे माझं काम असतं कापसाची बारीक गुंडाळी हातात तयार ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यावर नजर ठेवणं, कारण अश्रूचा एक थेंब ॲसिडला टेकला की तो ते डोळ्यात ओढून नेतो. दोन-तीन सिटिंग लागतात. हे ॲसिड ऑनलाइनही मिळतं, कृपा करून मागवू नका.

क्रायो, म्हणजे उणे १९६ अंशाच्या लिक्विड नायट्रोजनने गोठवणं, पापणीवर आपल्या त्वचेसाठी मला स्वतःला फारसं आवडत नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीला सगळ्यात आधी बळी पडतात, त्यामुळे गोऱ्या कातडीवर खपून जाणारा पांढरा डाग सावळ्या त्वचेवर ठसठशीत दिसतो, आणि पापणी सुजून डोळा दिवसभर मिटून जातो.

जायच्या आधी

लग्न, मुंज, फोटोशूट काही असेल तर निदान दोन महिने आधी. शुगर आटोक्यात हवी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा, पापणीवरच्या एवढ्याशा कामासाठी हार्टची गोळी थांबवायची गरज बहुतेक पडत नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, जखमेचे व्रण गाठीसारखे वाढत असतील, ओठाजवळ वारंवार पाण्याचे बारीक फोड उठत असतील, गरोदर असाल, तर तेही सांगा. गरोदरपणात दिसण्यापुरत्या गोष्टी शक्यतो पुढे ढकलतात, त्यातल्या काही चामखिळी बाळंतपणानंतर बारीकही होतात.

त्या दिवशी काजळ, आयलायनर, मस्कारा काही नको, आदल्या रात्रीचंही नीट धुतलेलं हवं. काजळाचे कण जखमेत बसले तर गोंदल्यासारखा डाग राहू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून या आणि चष्मा आणा. आयलॅश एक्स्टेन्शन असतील तर आधी काढा. सोबत कुणीतरी असू द्या, टू व्हीलर स्वतः चालवत परत जायचं नाही.

प्रत्यक्ष टेबलवर

घाबरण्यासारखं नसतं, पण डोळ्याजवळ कुणी हात आणला की माणूस दचकतोच, म्हणून आधी सांगून ठेवते काय काय होतं. पहिल्यांदा फोटो. मग भुलीचं क्रीम, त्यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असतं, पापणीवर फार पातळ आणि कडेपासून लांब लावतात, कारण ते डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते आणि भूल असल्यामुळे तुम्हाला कळतही नाही. म्हणून क्रीम लावल्यावर डोळे चोळू नका, झोंबलं तर लगेच सांगा. क्रीम घरून लावून येऊ नका. काही डॉक्टर क्रीम टाळतात आणि इन्सुलिनच्या बारीक सुईने थेंबभर भुलीचं इंजेक्शन देतात, मुंगी चावल्यासारखं टोचतं, मग पापणी जड वाटते.

डोळ्यात भुलीचा थेंब टाकतात, कडेजवळ काम असेल किंवा लेझर असेल तर धातूची गुळगुळीत वाटी, कॉर्निअल शील्ड, बुबुळावर बसवतात. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात मोठी लेन्स घातल्यासारखं लागतं. नाहीतर दोन्ही डोळ्यांवर सलाईनने ओला गॉज. पुसायला पोव्हिडोन आयोडिन वापरतात. स्पिरिट वापरलंच तर ते पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी सुरू करायची नसते, त्याने भडका उडतो. तुम्हाला स्पिरिटचा थंडपणा अजून जाणवत असेल तर खुशाल म्हणा, "थांबा, ओलं आहे."

मग पेडलचा बारीक टूं टूं आवाज येतो, दिव्याची वात विझल्यावर किंवा केस जळल्यावर येतो तसा वास येतो. हा वास कुणी आधी सांगत नाही आणि त्यालाच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. दुखत नाही, फक्त ऊब जाणवते. डॉक्टरांचा मनगटाचा भाग तुमच्या कपाळावर किंवा गालावर टेकलेला असतो, म्हणजे तुम्ही हललात तरी हात तुमच्याबरोबर हलतो. शिंक, खोकला येतोय असं वाटलं तर बोलू नका, हात वर करा, आम्ही तेवढ्यासाठीच बघत असतो. दोन-चार दाण्यांना पाच-दहा मिनिटं.

नंतरचे पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघून लोकांचे फोन येतात, "डोळा सुजलाय, काहीतरी चुकलं." पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ त्वचा आहे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, खाली सैल जागा, त्यामुळे पाणी साचतं आणि रात्रभर आडवं झोपल्यावर सकाळी सगळ्यात जास्त दिसतं. पहिल्या दोन रात्री दोन उशा घ्या, पहिल्या दिवशी स्वच्छ कपड्यात गुंडाळून थंड शेक द्या, बर्फ थेट नको. तिसऱ्या दिवसापासून उतरते.

मलम डोळ्यात गेलं तरी चालेल असंच हवं, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. घरात पडलेली कुठलीही स्किनची ट्यूब लावू नका. तपकिरी किंवा काळी खपली येते, सात ते दहा दिवसांत आपली आपण पडते. ती ओढायची नाही. खरंच नाही. खाज येते, हात जातो, झोपेत ओढली जाते, आणि खाली जो गुलाबी ओला भाग उघडा पडतो तिथेच नंतर डाग राहतो. तोंड धुवायला हरकत नाही, पाण्याचे हबके नको, टॉवेलने टिपून घ्या. काजळ, थ्रेडिंग, स्विमिंग, आयलॅश कर्लर पंधरा दिवस बंद.

खपली पडल्यावर जागा गुलाबी असते, मग आपल्या त्वचेत ती बऱ्याचदा तपकिरी होते, दोन-तीन महिन्यांत फिकी पडत जाते. याच काळात उन्हापासून जपायचं: गॉगल, टोपी, आणि जखम पूर्ण भरल्यावर झिंक ऑक्साईडचं सनस्क्रीन, ते डोळ्याला कमी झोंबतं. आणि याच काळात लोक चूक करतात, मेडिकलमधून गोरं करणारं क्रीम आणून लावतात. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. पापणीवर स्टेरॉइड दिवसेंदिवस लावलं तर त्वचा कागदासारखी पातळ होते आणि डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. डाग राहिला तर परत दाखवा, वाट बघणं हाच बहुतेक वेळा उपाय निघतो.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू आला, ताप आला, नजर अंधुक वाटली, उजेड सहन होईना किंवा पापणी पूर्ण मिटेना, तर त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट बघू नका. खालच्या पापणीवर काम झालं असेल तर महिनाभराने आरशात बघा, पापणी डोळ्यापासून सुटून बाहेर वळलेली तर नाही ना. व्रण आकसला तर तसं होतं, डोळ्यातून सारखं पाणी येतं, लवकर सांगितलं तर मसाजने आणि औषधाने सुधारायला वाव असतो.

परत आलं तर

चामखीळ काढलेल्या जागी सहसा येत नाही, शेजारी नवीन येते, म्हणून लोकांना वाटतं पसरली. काढल्यामुळे पसरत नाही. मिलिया, सिरिंगोमा परत येतात. झॅन्थेलास्मा तर हमखास येणाऱ्यांतला, सर्जरीने कापून काढला तरी बऱ्याच जणांना परत येतो, एका जुन्या अभ्यासात पहिल्या सर्जरीनंतर चाळीस टक्के लोकांना परत आला होता. कोलेस्ट्रॉलच्या गोळीने जुना चट्टा विरघळून जाईल अशी आशा धरू नका, ती गोळी हृदयासाठी असते.

आईचा चट्टा आरएफने काढला, दोन सिटिंगमध्ये. अडीच वर्षांनी त्याच कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा परत आला. पहिल्यासारखाच आधी फोटो काढला, जुन्या फोटोशेजारी ठेवून बघितला, उपाशीपोटी रक्त दिलं. तेव्हा कळलं की ती सहा महिन्यांपासून गोळी एक दिवसाआड घेत होती, "बरं वाटतंय म्हणून". आता डबा मी भरते, दर रविवारी, सात खणांचा.